न विसरणारं इंजिन

तीर्थरूप वन्संना,

वाकून नमस्कार. कंबर धरलीय, म्हणून कागदावरच वाकते. गुडघे कसे आहेत? तुमच्या यजमानांचा खोकला गेला का, की अजून बोलायचं टाळायला तोच उपयोगी पडतोय?

तुमचं पत्र पोचलं. परीक्षा झाली की लेकीला लगेच पाठवून दे, असं बजावलंयत. पाठवते. तुमची लेक, तुमचा हक्क. मी आपली मामी. पण माझ्यामुळे कॉलेजात तिची काय शोभा झाली ते माझ्याच तोंडून ऐका.

शिकणाऱ्या मुलांनी अभ्यासाचं काय, कुठल्या सर्च इंजिनात शोधावं, हे तिला वर्गापुढे सांगायचं होतं. निम्मे मार्क त्यावर. मी भांडी विसळायची आणि ती ओट्याला टेकून मला म्हणून दाखवायची. (चौथीनंतर मला कुणी शिकवायची ही पहिलीच वेळ.) एक असतं सगळ्यांचं. तुमचं विचारून व्हायच्या आत उत्तर देतं आणि जाता जाता सतरंजी विकायला बघतं. दुसरं अभ्यासकांचं. ते जाणत्यांनी लिहिलेलं, पारखलेलं तेवढंच देतं, पण बऱ्याचदा पहिला परिच्छेद दाखवून पुढच्याचे पैसे मागतं. (मला मामंजी आठवले. तेही निम्मं सांगून चहा मागायचे.) आणखी एक आहे, ते स्वतः काही शोधत नाही, चार ठिकाणी विचारून येतं आणि सगळं एकत्र करून सांगतं. (मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, वन्सं.) आणि एक विसरभोळं. कोणी काय विचारलं ते मनात ठेवतच नाही. तुमचा भाऊ तसा होता; सकाळी सांगितलेलं सामान संध्याकाळी विचारावं, तर चेहरा कोरा करकरीत.

मात्र पहिलं इंजिन सगळं लक्षात ठेवतं, हे ती सांगत होती तेव्हा मी नळ सोडला होता. तिथेच घात झाला.

तिचा लॅपटॉप घरीच असायचा. दुपारी आडवं व्हायच्या आधी मी त्यात शोधायची. वन्सं, तुमचा भाऊ गेल्यापासून मला शांततेत झोप लागत नाही. ज्या घोरण्याची लग्न झाल्या झाल्या मी तुमच्याकडे तक्रार केली होती, तेच शोधत होते. परक्यांचं पुष्कळ मिळालं, पण ते मेले एका लयीत घोरतात. आपला माणूस मधेच थांबायचा. मी दचकून उठून बघेपर्यंत थांबायचा, आणि मग परत सुरू. ते थांबणं कुठल्याच इंजिनात नाही.

तर त्या दिवशी लॅपटॉप कॉलेजात गेला. भिंतीवर मोठा पडदा, समोर सगळा वर्ग. हिने शोधायच्या जागी बोट टेकवलं मात्र, माझं आधीचं विचारणं पडद्यावर हजर! 'नवऱ्यासारखं घोरणं एक तास.' वर्ग खिदळला. खाली आणखी एक ओळ होती, ती किरकोळ, सोडा. पोरगी गोरीमोरी झाली, पण डगमगली नाही. म्हणाली, मला हेच दाखवायचं होतं. हे इंजिन आपल्याला ओळखून असतं, आणि आधीचं बघून पुढचं समोर ठेवतं. अभ्यासाला बसताना तेवढं ध्यानात असू द्या. बाईंनी पूर्ण मार्क दिले. वर विचारलं, आणखी दोन वर्षं राहून माझ्याकडे संशोधन करतेस का? ही म्हणाली, घरी विचारून सांगते.

 त्या संध्याकाळी जेवताना तिने मला, "मामी, यापुढे तू विसरभोळंच वापरायचंस. कळलं?" असा दम दिला. आवाज थेट तुमचा.

बॅग भरायला घेतली आहे. काळजी नसावी.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेली (निदान कागदावर),
तुमची भावजय

ता. क. ती दुसरी ओळ किरकोळ नव्हती. 'भाचीने परत जाऊ नये म्हणून काय करावं.' ती वाचल्यावर वर्ग हसायचा थांबला म्हणे.

आणखी एक ता. क. बॅग माळ्यावरच आहे.

शेवटचं. दम मिळूनही काल मी पहिल्याच इंजिनात बोट टेकवलं. माझ्या ओळींच्या वर तिची ताजी ओळ होती, 'आईची परवानगी कशी मिळवावी'. उत्तरं ढीगभर होती, पण ती लिहिणाऱ्यांतल्या एकानेही तुम्हाला पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, म्हणून लिहायला बसले. दोन वर्षं द्या तिला. आणि करमत नसेल तर तुम्हीही इथेच या. मागे इथे राहायला आला होतात तेव्हा मी ऐकलंय, तुम्हीही घोरता. मधेच थांबता.