पुसलेले चार प्रोजेक्टर

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच मी तुम्हाला काही लिहितेय. घरी सगळं ठीक आहे. नेहरू नगरचं घर तसंच आहे, आई गेल्यापासून वरची खोली बंद असते एवढंच. मी आता सरकारी शाळांमध्ये स्मार्ट बोर्ड बसवायच्या प्रकल्पाचं काम बघते. म्हणजे तुमचंच काम म्हणायला हवं. तुम्ही शिक्षकांच्या प्रशिक्षण संस्थेत मागच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत चार प्रोजेक्टर आणि स्लाइडच्या पेट्या सांभाळत होतात, सत्रापुरते शाळांना वापरायला देत होतात, मी एसीत बसून नकाशावरचे हिरवे-लाल ठिपके सांभाळते. हिरवा म्हणजे बोर्ड सुस्थितीत, लाल म्हणजे नादुरुस्त. दर महिन्याला वरून विचारणा होते की लाल किती, आणि मी सांगते. लाल कमी असले की सगळे खूश असतात.

तुमची पद्धत मला अजून आठवते. एखाद्या शाळेकडून प्रोजेक्टर परत आला की तुम्ही आधी प्लग लावायचा नाहीत. काचेवरून आणि बटणांच्या कडेकडेने बोट फिरवायचात आणि ते बोट खिडकीच्या उजेडात धरून बघायचात. खडूची धूळ लागली असेल तर तुमच्या खासगी वहीत त्या शाळेपुढे ‘वापरला’ असं लिहायचात. बोट स्वच्छ निघालं तर पुढच्या सत्रात त्या शाळेला मशीन नाही, मग मुख्याध्यापक कितीही ओळखीचे असोत. जे काचेला तडा पाडून, तोंड लहान करून यायचे, त्यांना मात्र तुम्ही बसवून चहा पाजायचात. तुमचं सगळंच उफराटं, असं आई म्हणायची, आणि मला तेव्हा तिचंच पटायचं.

मी चौथीत आहे. रविवार आहे, दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार आहेत आणि तुम्ही मला सोबत नेलंय. सत्र संपल्यामुळे चारही मशीन नुकतीच परत आली आहेत, वही अजून भरायची आहे. तुम्ही बल्ब आणायला जवाहर चौकात जाता आणि जाताना बजावता की कशाला हात लावू नकोस. मी बादलीत पाणी घेते, फडकं पिळते आणि चारही प्रोजेक्टर लख्ख पुसून काढते, अगदी बटणांच्या फटीत नख घालून. तुम्ही परत येता, बल्बचा खोका टेबलावर ठेवता आणि सवयीने बोट फिरवता. पहिल्यावर, मग दुसऱ्यावर, मग उरलेल्या दोघांवर. तुम्ही ओरडला नाहीत. “कुणी शिकवलं आणि कुणी कपाटात ठेवलं, आता मी कशावरून सांगू?” एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी साहेबांनी खोलीची स्तुती केली. संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी जिलबी आणलीत आणि आईला सांगितलंत की पोरगी बिचारी मदत करायला गेली, तिची काय चूक. त्या सत्रात तुम्ही मशीन चिठ्ठ्या टाकून वाटलीत.

गेल्या महिन्यात मी स्वतः पडताळणीला बाहेर पडले होते. पहिल्या तीन शाळांत बोर्डावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. तिन्ही हिरव्या. चौथ्या शाळेतला बोर्ड खालच्या बाजूने, मुलांचा हात पोचतो तिथपर्यंत, ओरखड्यांनी पांढुरका झाला होता. कोपऱ्याला चिकटपट्टी, पेनाचं टोक झिजलेलं. पण चालत होता, आणि एक मुलगी चवड्यांवर उभी राहून त्यावर अपूर्णांकाचं गणित सोडवत होती. शिक्षिका नागपूरकडची निघाली, माझं आडनाव वाचून हिंदी सोडून मराठीत बोलायला लागली. ओरखडा दिसला की नादुरुस्त असा नियम आहे, आणि नियमावली मीच केलेली आहे. मी फोटो काढला तसा तिचा चेहरा उतरला. “ताई, मुलं रोज हात लावतात ना, म्हणून घिसलाय तो,” ती म्हणाली. “खराब नका लिहू. घेऊन गेले तर मी यांना कशावर शिकवू?” मी म्हटलं, बघते. आणि तिच्यासमोर उभी राहूनच लाल दाबलं. तिला माझा स्क्रीन दिसत नव्हता.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते, बोट फिरवायचं मला सुचलं होतं. फिरवलंही. खडूची धूळ लागली, ती मी ओढणीला पुसली.

आठवड्याभरात तो बोर्ड गोविंदपुऱ्याच्या गोदामात आला. तिथे दुरुस्त होऊन तो दुसऱ्या शाळेला जाईल, कारण ज्यांनी सांभाळला नाही त्यांना परत द्यायचा नाही, हाही माझाच नियम. तिचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. मला वाटलं होतं की काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही, जेवले, झोपलेही. काल दुपारी नियमावलीची फाइल उघडली, त्यात ‘वापर’ असा एक रकाना घालावा म्हणून. तो घातला तर माझे निम्मे हिरवे ठिपके जातील आणि वर उत्तर मला द्यावं लागेल, हे लक्षात आलं आणि फाइल बंद केली.

हे पाठवणार कुठे, तुमच्या वहीतच ठेवून देईन. एक मात्र तेव्हापासून सांगायचं राहिलंय. त्या रविवारी मी तुम्हाला मदत करायला मशीन पुसली नव्हती. साहेबांसमोर तुम्ही धुळकट सामान घेऊन उभे राहाल, याची मला लाज वाटत होती. तुम्ही आईला जे सांगत होतात ते खरं नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि मी जिलबी खात होते.