गजराचं दूध आणि माझ्या कॅप्सूल

तेर, ५ जानेवारी १९६४

ती. अक्कास,

धाकट्या उत्तरेश्वरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात, दाजींचा खोकला थांबला का, तुळजापुरात गर्दी किती, सगळं कळवा. मी जिवंत आहे, हे आधीच लिहून टाकतो. मधे त्याचीही खात्री राहिली नव्हती.

झालं असं की दिवाळीनंतर छातीत कफ धरला, ताप चढला. उस्मानाबादच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या. (अर्धी लाल, अर्धी पिवळी. शेजारच्या दगडाबाई म्हणाल्या, एवढं देखणं औषध गिळायचं कशाला?) पोटात गेली की आग पडायची, मळमळायचं, आणि परसाकडं इतक्या चकरा, की निजताना पाय दाराकडंच ठेवायचो. तुमची भावजय गजरा घाबरली. "अवो, लई गरम औषध हाय, दुधाबिगर घेऊ नगा," म्हणाली, आणि दर खेपेला पेलाभर दूध घेऊन उशाशी बसू लागली.

पाच दिवस झाले तरी ताप हलंना. श्वास घेतला की बरगडीत सुरी फिरायची. शेवटी चुलतभाऊ बब्रुवाननं एस.टी.त घालून पुन्हा उस्मानाबादला नेलं. गजराही आली. डॉक्टरांनी विचारलं, औषध कशाबरोबर देता? गजरा मोठ्या अभिमानानं म्हणाली, "दुधाबरोबर, सायेब. सायीसकट!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दूध घेतलं की हे औषध पोटातच अडकतं, अंगाला लागत नाही म्हणे. (पानातल्या चुन्याचंही तेच, म्हणून माझं पानही गेलं.) मग इंजेक्शनं झाली, कॅप्सूल नुसत्या पाण्याबरोबर सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी ताप उतरला.

मी सुधारलो अक्का, पण गजरा खचली. "म्या माज्या हातानं तुमाला मारत हुते," एवढंच म्हणते आणि चुलीकडं तोंड करून बसते. औषध संपून पंधरा दिवस झाले, तरी घरात दुधाचा थेंब येऊ देत नाही. मी थट्टा करतो, ती हसत नाही. मायेनं केलेलं उलटलं, की माणूस स्वतःला किती कडक शिक्षा करतो, ते रोज बघतोय.

तुमचा,
उत्तरेश्वर

ता. क. दाजींच्या दोन्ही बंड्या शिवून झाल्या. काखेत सैल ठेवल्यात.

आणखी ता. क. अक्का, आता खरं लिहितो. दूध घेऊ नका, असं कंपाउंडरनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण लग्नाला चौदा वर्षं झाली, कामं टाकून गजरा माझ्याजवळ अशी कधी बसली नव्हती. मीही कधी बस म्हटलं नव्हतं. पेलाभर दुधानं काय होतंय, म्हणून गप्प राहिलो. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, तेव्हाही गप्पच. रोज सांगायचं ठरवतो, पण तिचं तोंड बघितलं की जीभ उचलत नाही. या मंगळवारी तुम्ही याच. सांगीन मीच. तुम्ही फक्त तिच्या बाजूला बसा.