हुक लावायचे राहिलेत

॥ विठ्ठल-रखुमाई प्रसन्न ॥

अग्रहार, म्हैसूर

तीर्थस्वरूप नर्मदाअक्कास,

धाकट्या हणमंताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (खरोखर ठेवलं तर उठताना कंबर धरते, म्हणून पत्रातून केलेला बरा.) पुण्याची थंडी सोसते का, गुडघ्यांना तेल लावतेस का, आणि निनादची बायको कॉफीत चिकोरी घालते की नाही, हे सगळं सविस्तर कळव. फोनवर तू 'बरं आहे, ठेवते' याच्या पुढे जात नाहीस. आता फोनला वेगळे पैसे पडत नाहीत हे सांगून सांगून मी दमलो, पण तू अजून ट्रंककॉल लावल्यासारखी घाईघाईने बोलतेस. म्हणून हे पत्र. इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

परवा निनादचा फोन आला. म्हणाला, "मामा, आई आता इथेच राहायचं म्हणते. दुकान बंद झालं, आता माझं तिथे काय काम, असं तिचं म्हणणं. तिची ट्रंक पाठवून द्या." मुलगा गुणी आहे, आईला नीट सांभाळतो, त्याला मी काय बोलणार? बरं म्हटलं आणि न जेवता बसून राहिलो. (तुझी भावजय लक्ष्मी सांगेल की जेवले. थोडा सारू-भात खाल्ला होता, त्याला जेवण म्हणत नाहीत.) ट्रंक अजून पाठवलेली नाही. अक्का, देवराज मोहल्ल्यातलं दुकान बंद झालं हे खरं, पण काम बंद झालं हे तुला कुणी सांगितलं? शिवणाचं मशीन मी घरी आणलंय, पुढच्या दारच्या ओट्यावर, आपल्या जगलीवर, उजेडात मांडलंय, आणि तुझा भाऊ आता व्हिडिओ चॅनेल चालवतो. हसू नकोस. निदान पत्र पुरं वाचून हस.

झालं असं की, समोरच्या कमलाक्षीची सून यशस्विनी एकदा ब्लाउज द्यायला आली आणि म्हणाली, "अंकल, तुमच्यासारखं कटिंग आता कोण करतं? व्हिडिओ करून टाका की." तिनेच माझ्या फोनवर चॅनेल उघडून दिलं आणि एक उपदेश केला, की कॅमेऱ्यात बघताना हजार माणसांशी बोलतोय असं समजू नका, एकाच माणसाशी बोलताय असं समजा. मी तसं समजलो. पहिल्याच व्हिडिओत कॅमेऱ्याकडे बघून मी म्हणालो, "अक्का, खडू कुठे ठेवलास गं?" ते तसंच राहिलंय, पुसायचं कसं ते मला येत नाही.

फोन धरायचं काम लक्ष्मीकडे दिलं. ती फोन पोळपाटासारखा दोन्ही हातांनी धरते, त्यामुळे डाव्या बाजूला कायम तिचा अंगठा. शिवाय ती उभी आणि मी चटईवर बसलेला, त्यामुळे लोकांना कापडापेक्षा माझं टक्कलच जास्त दिसलं. तशात नवीन कापडाला कात्री लावण्याआधी आपण डोळे मिटून पांडुरंगाचं नाव घेतो, ते मी नेहमीसारखं सावकाश घेतलं. फोन अडकला असं समजून बघणारे निघून गेले म्हणे. यशस्विनी म्हणाली, "अंकल, तेवढं कट करू या." मी म्हटलं, बाई, कापड मी कापीन, हे नाव कापणार नाही. आपल्या अप्पांनी एवढ्याशा झबल्यालाही हात जोडल्याशिवाय कात्री लावली नाही. ते तसंच ठेवलं. माझ्या चॅनेलची भरभराट का होत नाही असं कुणी विचारलं, तर हे एक कारण.

दुसरं कारण भाषा. चॅनेल कन्नडमध्ये चालवायचं असं ठरलं होतं. पण मापं घ्यायला लागलो की माझ्या तोंडून मराठीच निघतं, आणि चूक झाली की इंग्रजीत सॉरी. सोलापूरच्या एका बाईंनी लिहिलं, मराठी नीट बोला. मंड्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं, कन्नड नीट बोला. दोघांनाही मी हात जोडलेलं चित्र पाठवलं. (ते मला येतं.)

माप घ्यायचा व्हिडिओ मात्र अंगाशी आला. माप कुणाचं घेणार? लक्ष्मीचंच. तिने एका हातात फोन धरला, दुसरा हात वर केला, आणि मी टेप लावून, दुकानात लिहून घेणाऱ्या पोऱ्याला ऐकू जावं म्हणून ओरडायचो ना, तशा आवाजात तिच्या कमरेचं माप सांगितलं. सवय, दुसरं काय! अख्ख्या गल्लीने ऐकलं. लक्ष्मी "अय्यो, मानमर्यादा आहे की नाही काही!" म्हणाली, फोन चटईवर टाकून आत गेली आणि आतूनच बोलत राहिली, मी बाहेरून उत्तरं देत राहिलो. फोन उताणा पडून चालूच होता. त्यात छताचा पंखा फिरताना दिसतो आणि आमचं भांडण ऐकू येतं. कोणता व्हिडिओ कोणता ते न कळून मी तोच लोकांना दाखवला. सगळ्यात जास्त बघितला गेलेला आमचा व्हिडिओ तो पंख्याचा. खाली एकाने लिहिलंय, 'नम्म मनेलीही हेच चालतं.' आमच्या घरीही, म्हणजे. त्यानंतर लक्ष्मी दोन दिवस माझ्याशी कॅमेऱ्यामागूनच बोलली.

आता खरी गोष्ट सांगतो. मी एक ब्लाउज पुरा करून दाखवला. अस्तर, कटोरी, मुंढा, बाही, सगळं नीट, लक्ष्मीचा अंगठाही या खेपेला नव्हता. मग ब्लाउजाची घडी घातली, आपल्या त्या पिवळ्या पिशवीत टाकला आणि बघणाऱ्यांना सांगितलं, "झालं. आता हा घरी पाठवा." नमस्कार केला आणि बंद. मला त्यात काही चूक दिसेना. दुकानात जन्मभर मी हेच केलं. मशीनचं काम संपलं की पिशवी घरी पाठवायची, दुसऱ्या दिवशी ब्लाउज हुक लावून, काजं करून, आतून हातशिलाई घालून परत यायचा. ब्लाउज असाच पुरा होतो अशी माझी समजूत. बघणाऱ्यांनी विचारलं, सर, घरी म्हणजे कुणाच्या? सर, पत्ता द्या. सर, तिथे किती घेतात? मी हसत हसत वाचत होतो. मग एका मुलीने लिहिलं होतं, 'मी इथे नोकरीला एकटी राहते. आमच्या घरी कोणी नाही. मग हुक कोण लावणार?'

अक्का, मी फोन बंद करून ठेवला. आत गेलो तर तुझा कोपरा दिसला, खिडकीखाली तुझा पाट तसाच. आमच्याही घरी कोणी नाही, असं त्या मुलीला लिहावंसं वाटलं. (हे लक्ष्मीला सांगू नकोस. ती घरात आहे.)

तरी मी हार मानली नाही. हातशिलाईचा व्हिडिओ स्वतःच करायला बसलो. ब्लाउज मांडीवर घेतला, तू घालायचीस तसे बारीक टाके घालत गेलो, बोटात सुई गेली तरी चेहरा हसरा ठेवला. शेवटी नमस्कार करायला उभा राहिलो तर ब्लाउज माझ्याबरोबर उठला. तो मी पंच्याला शिवला होता. लक्ष्मीला विचारलं तर ती म्हणते, "माझी नजर गेली आता, सुईत दोरा ओवता येत नाही, मला सांगू नका." त्यामुळे अर्धे ब्लाउज पिशवीत पडून आहेत. यशस्विनीचा आहे, कमलाक्षीचे आहेत, तिच्या विहिणीचा आहे. पिशवी फुगलीय, आणि तू म्हणतेस तुझं इथे काय काम.

पुण्यात सगळ्यांना माझे आशीर्वाद. निनादला सांग, मामा रागावलेला नाही.

तुझा,
हणमंत

ता. क. एक विनंती. हुक कसा लावायचा याचा छोटा व्हिडिओ निनादकडून काढून घेऊन पाठव. फक्त हात दिसले तरी चालेल. तुझे हात मी ओळखीन.

ता. क. दुसरं. विचार केला तर पुण्यात या दिवसांत उजेड बरोबर नसतो. व्हिडिओ नीट यायचा नाही. आपल्या जगलीवर सकाळी फार छान उजेड येतो.

ता. क. (लक्ष्मीदेवीकडून) अक्का, नमस्कार. हे पाकीट आणायला गेलेत, तेवढ्यात लिहिते. माझं मराठी लिहिणं तुम्हाला ठाऊक आहे, स्वल्प सांभाळून घ्या. ह्यांनी लिहिलंय ते सगळं खरं, एक सोडून. माझी नजर चांगली आहे. दोरा मी एका खेपेत ओवते, आणि हुक लावायला तुम्हीच मला शिकवलंत. ती पिशवी मी एका दुपारी रिकामी करीन. पण पुण्याला जाताना तुम्ही मला स्वयंपाकघरात हळूच विचारलंत, "लक्ष्मी, दुकान नाही तर मी परत येऊन काय करू? बसून खायला मला जमायचं नाही." म्हणून मी तुमचं काम शिल्लक ठेवलंय. ह्यांना सांगू नका. तुम्ही आलात की मीही सुई घेऊन शेजारी बसेन आणि मुद्दाम टाके चुकवीन. तेव्हा पहिल्यासारखं मला रागवा. तुम्ही गेल्यापासून मला कोणी रागावलेलं नाही.