आमच्या डिलेनीला ‘तयार’ ठरवल्याबद्दल

आदरणीय हार्लनभावजी,

आमच्या डोंगरातून तुमच्या राजधानीला वाकून नमस्कार. (वाकले आहे ती भट्टीतला मक्याचा पाव बघायला, पण नमस्कार खराच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? लोरीनताई लिहिते की शिक्षण खात्याच्या नव्या इमारतीत लिफ्ट असूनही तुम्ही जिन्याने जाता. जपा हो. राज्यातल्या सगळ्या पोरांचं भवितव्य ज्या गुडघ्यांवर उभं आहे, ते जपायलाच हवेत. इकडे आमच्या ह्यांचा, एल्डनचा, खोकला आहे तसाच आहे. खाण बंद झाली, सगळ्यांना कामावरून काढलं, खोकल्याला तेवढं काढायचं राहिलं. बाकी ठीक.

आधी तुमच्या धोरणाचं अभिनंदन करते. बारावी संपेपर्यंत राज्यातलं प्रत्येक मूल कॉलेजसाठी, नाहीतर नोकरीसाठी, ‘तयार’ झालंच पाहिजे असं तुम्ही ठरवलंत, आणि आमच्या शाळेने ते करून दाखवलं. अख्खी शाळा तयार! फाटकावर तसा फलक लागलाय, तोही एवढा मोठा की त्याच्यामागे फुटबॉलचा गुणफलक दिसत नाही. (त्यावरून गावात जेवढी भांडणं झाली, तेवढी रसायनशास्त्राच्या बाई सोडून गेल्या तेव्हा झाली नव्हती.) हे कसं जमलं, ते तुम्हाला तिकडे कोणी सांगितलं नसेल. कॉलेजसाठी तयार करायचं तर गणित शिकवावं लागतं, त्याला मास्तर लागतात, आणि मास्तर आमच्याकडे टिकत नाहीत. नोकरीसाठी मात्र एक प्रमाणपत्र पुरतं. तुमच्या खात्याने मान्य केलेल्यांत सगळ्यात सोपं निघालं ते गोदामात खोकी उचलणारी फोर्कलिफ्ट चालवण्याचं. मग काय, नववीतली झाडून सगळी पोरं संगणकासमोर बसवली आणि फोर्कलिफ्टचालक करून टाकली. खरी फोर्कलिफ्ट गावात एकच, गुरांच्या खाद्याच्या दुकानात. ती मालक बर्ल चालवतो, आणि त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही.

आमची डिलेनीही नववीत अशीच तयार झाली. तिला व्हायचंय नर्स. बापाला धाप लागली की त्याला कसं बसवायचं, कधी घाबरायचं आणि कधी नाही, हे सगळं तीच बघते, मी नुसती दारात उभी असते. तर तिने नर्सिंग कॉलेजची गणिताची परीक्षा दिली आणि आपटली. कॉलेज म्हणालं, तू तयार नाहीस, गणित शिकून ये. शाळेत तुमच्याच कृपेने जादा गणिताचा वर्ग चालतो. पोरगी आनंदाने मुख्याध्यापक प्रॅदरसाहेबांकडे गेली. ते म्हणाले, “बाळ, हा वर्ग तयार नसलेल्यांसाठी आहे. तू तर तयार आहेस!”

“पण सर, मला अपूर्णांक येत नाहीत.”

“असं स्वतःला कमी लेखू नये.”

मी शाळेच्याच स्वयंपाकघरात काम करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. हातातल्या डावासकट वर गेले. मला बघून ते जरा मऊ झाले. “रोवेनाबाई, एक पोरगी कमी झाली तरी फलक उतरवावा लागेल. गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे.” गावाची इज्जत माझ्या पोरीच्या अपूर्णांकांवर टांगलेली आहे, हे मला तेव्हा कळलं.

राहता राहिलं नापास होणं. डिलेनीने फोर्कलिफ्टची परीक्षा पुन्हा दिली आणि ठरवून सगळी उत्तरं चुकवली. संगणकाने जुनेच गुण कायम ठेवले; म्हणे, जे चांगले असतील तेच धरतात. (एवढा कनवाळूपणा माणसांत दिसत नाही.) मग आम्ही अर्ज केला की प्रत्यक्ष चालवून बघा. तुमच्या खात्याचे एक गृहस्थ आले. नाव लिहीत नाही, कारण त्यांनी माझी घेवड्याची उसळ दोनदा मागून खाल्ली. बर्लने फोर्कलिफ्ट आणून मैदानात उभी केली. मी पोरीच्या कानात सांगितलं, “आजवर कधी आईचं ऐकलं नसशील, आज ऐक. धड चालवू नकोस!” आणि तिने ऐकलं हो! मागे घेताना झेंड्याचा खांब वाकवला, पुढे नेताना खाद्याची पोती प्रॅदरसाहेबांच्या नव्या ट्रकवर ओतली. रस्त्यापलीकडच्या कोंबड्या धावत आल्या आणि टपावर चढून जेवल्या. ते गृहस्थ बराच वेळ काहीतरी लिहीत होते. मी इतकी खूश झाले की बर्लला मिठी मारली.

निकाल आला: मुलगी संकटात डगमगत नाही. तिला वरच्या दर्जाची तयार ठरवण्यात आलंय.

त्या दिवशी डिलेनी पोट धरून हसली. मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. नळाच्या आवाजात रडणं लपत नाही, पण ती लपवत होती म्हणून मीही ऐकलं नाही. भावजी, मला तुमचा राग येतो. तुम्ही वाईट माणूस नाही, म्हणून जास्तच येतो. माझ्या पोरीला काय येत नाही हे तिला स्वतःला माहीत आहे, ती ते तोंडाने सांगते आहे, आणि अख्ख्या राज्यात ते ऐकून घेणारा एक माणूस सापडत नाही.

ताईला मायेचा नमस्कार. तुमच्या गुडघ्याला शेक घ्या.

तुमची मेहुणी,
रोवेना

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. तुमच्या सहीने एवढं कळवा की डिलेनी तयार नाही. वर्ग ऑगस्टात सुरू होतो. बाकी काही नको.

आणखी ता.क. पत्र टेबलावर राहिलं होतं, ते डिलेनीने वाचलं. दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं आणि म्हणाली, “राहू दे गं आई.” डोंगरापलीकडच्या गोदामाने तिला घेतलंय, सोमवारपासून जायचंय. फोर्कलिफ्ट नाही, तिकडे त्या आपल्या आपणच चालतात. ही खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणार. तुमच्या यशात एकीची भर पडली, धरून टाका. पत्र तरीही धाडतेय, कारण धाकटी जुनो ऑगस्टात नववीत जाईल आणि तिलाही त्या संगणकासमोर बसवतील. तिला गणित फार आवडतं. भावजी, तेवढं तिला नापास करा.