शेवटचा बदल : १९ ऑगस्ट २०२३

भाईंदर (पश्चिम)
९ फेब्रुवारी २०२५

ती. आशावन्संना शेवंतीचा वाकून नमस्कार.

तुमचा डावा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला तुम्ही उजवा म्हणाला होतात, पण उठताना हात डाव्यावर ठेवता, म्हणून मी डाव्याचीच चौकशी करते. माझं बरं चाललं आहे. साखर होती तिथेच आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही आणि हा विषय अर्ध्या वाक्यात आटपणारा नाही.

विषय बोंबलांचा आहे. (तारोडीची मुलगी केली तर रोह्याच्या घराला सुक्या मासळीचा वास लागेल, असं तुम्ही आमच्या लग्नाआधी म्हणाला होतात. तो वास आता मीरा रोडच्या एका कॉलेजपर्यंत गेला आहे, एवढं आधीच कळवून ठेवते.)

निवृत्त झाल्यावर यांनी तारोडीच्या सुक्या मासळीवर वेबसाइट काढली होती, ती तुम्हांला आठवत असेल. तिचा पत्ता हे तुम्हांला दर रविवारी फोनवर एकेक अक्षर सुटं करून सांगत आणि तुम्हांला दर रविवारी पेन सापडत नसे. माझ्या आईला तासन्‌तास प्रश्न विचारून यांनी वह्या भरल्या, आणि एवढं करून लिहिलं काय, तर बोंबील शेपटीने टांगून वाळवतात. वन्सं, बोंबील शेपटीने कोणी टांगत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. तारोडीत हे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मी तेव्हाच सांगितलं होतं. हे म्हणाले, "नंतर बघतो." (गिझरचा नळही नंतरच बघायचा होता. तो मी पुढे बदलून घेतला.) मग मे महिन्यात हे गेले.

दोन वर्षं तो बोंबील तसाच शेपटीने लटकत होता. मी रोज सकाळी चहा घेताना ते पान उघडायची, बोंबलापर्यंत वाचायची आणि बंद करायची. पासवर्ड यांनी कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवला होता. शेवटी एक दिवस मी धीर करून आत शिरले आणि शेपटी काढून जबडा घातला. हात चालूच होता, म्हणून खाली एक वाक्य जास्तीचं लिहिलं : 'या बाबतीत माझ्या पत्नीचे म्हणणे बरोबर होते, हे मी मान्य करतो.' वर लेखक म्हणून नाव यांचंच राहिलं. (पस्तीस वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. वाचायला बरं वाटलं.)

आता माझ्या भावाची, दिपेशची, मुलगी रुचिता एम. ए.चा प्रबंध लिहिते आहे. विषय मासळी सुकवणाऱ्या बायकांचा. तिने ती वेबसाइट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि तिला आवडलं नेमकं तेच वाक्य. त्यावर तिने आख्खं प्रकरण रचलं, की बायकांच्या ज्ञानाची कबुली देणारा पुरुष संशोधक असा असतो. छापलेली पानं मला आणून दाखवली. मी चष्मा पुसला आणि छान झालंय म्हटलं. यांना कोणी संशोधक म्हटलेलं मी पहिल्यांदाच वाचत होते, त्यात मध्ये कुठे बोलणार?

पण वेबसाइटचा दाखला द्यायचा तर नियम कडक असतात. लेखकाचं नाव, पानाचं नाव, पत्ता, त्या पानावर शेवटचा बदल कधी झाला ती तारीख, आणि आपण ते कधी पाहिलं ती तारीख. कारण पुस्तक छापलं की छापलं, वेबसाइटवरचं पान मात्र कोणीही रातोरात बदलू शकतं. (मी दुपारी बदललं होतं.) रुचिताने सगळं रीतसर लिहिलं, तरी तिच्या अंबिका मॅडमनी समासात लाल पेनाने लिहिलं, 'हा लेखक कोण? याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?' लगेच दिपेशचा फोन. "ताय, दाजींवर विश्वास न्हाय म्हनते ती मॅडम. तू जा न् बोल तिच्याशी."

मी रुचिताला बरोबर घेऊन गेले. मॅडम वयाने लहान, बोलायला चांगल्या. त्यांनी विचारलं, "तुमचं या लेखकांशी नातं काय?" आता वन्सं, बँक म्हणा, गॅस म्हणा, सोसायटी म्हणा, जिथे मला हा प्रश्न विचारतात तिथे मी यांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स पुढे करते. पर्समध्ये पाच कायम असतात. लोक ती घेतात, फाइलला टाचतात, विषय संपतो. अंबिका मॅडमनी ती वाचली. चार वर्षांत तो कागद वाचणारं पहिलं माणूस मला भेटलं. मग त्यांनी रुचिताचं पान वाचलं. मग परत दाखला.

"काकू, हे सहा मे दोन हजार एकवीसला गेले?"

"हो."

"आणि एकोणीस ऑगस्ट दोन हजार तेवीसला त्यांनी लेखात बदल केला?"

मी म्हटलं, "नंतर बघतो म्हणाले होते."

त्यानंतर सगळं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रुचिता "आत्या! अगं अठ्ठावीसला सबमिशन आहे माझं!" म्हणाली आणि रडायलाच लागली. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, काय बदललं, कधी बदललं, कोणी बदललं, ते त्या पानावर उघड लिहा. तेवढं मी त्याच संध्याकाळी केलं. जबडा आता माझ्या नावावर आहे. राहिलं ते वाक्य. ते यांच्या नावावर चालणार नाही. मात्र हे तसं खरंच कधी बोलले असतील आणि ते ऐकणारं माणूस हयात असेल, तर त्या माणसाच्या नावानिशी, तारखेसह, तळटीप देता येते. रुचिताने विचारलं, "तुला कधी म्हणाले होते का गं?" मी नाही म्हटलं. एकदा खोटं लिहून झालं होतं, पुन्हा तोंडाने कशाला?

तर असं सगळं आहे. तुम्हांला गंमत वाटेल म्हणून कळवलं. बाकी ठीक. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
शेवंती

ता. क. : रविवारी हे बाल्कनीचं दार ओढून तुमच्याशी तासभर बोलायचे. मला आत ऐकू येत नसे (प्रयत्न करून पाहिला होता). त्यात बोंबलांच्या बाबतीत माझं बरोबर होतं, असं कधी म्हणाले असतील, तर तेवढं तुमच्या अक्षरात लिहून, खाली तारीख घालून, स्पीड पोस्टाने पाठवा. अठ्ठावीसच्या आत.

आणखी एक : म्हणाले नसतील तर माझ्याखातर लिहू नका. एका घरात ते एकदा झालं, पुरे. रुचिता प्रकरण बदलेल. रडून झालं की ती भराभर लिहिते.

आणि शेवटचं : तसं नसेल, तर त्या तासाभरात हे माझ्याबद्दल जे काही बोलत असतील, त्यातलं एखादं वाक्य लिहून पाठवा. ते कुठे छापायचं नाही. तारीख नसली तरी चालेल.