हिच्या हाताला पेलेल असा

४ फेब्रुवारी

आज तळ्यावर हिच्या हातातून मासे धरायचा रॉड सुटला. फेकायला म्हणून हात मागे नेला आणि तो मागच्या मागेच पडला — दगडांवर, खाडकन! "घाम आला हो हाताला," म्हणाली. हसली. मीही हसलो.

हात कोरडा होता. रॉड उचलून दिला तेव्हा लागला ना माझ्या हाताला.

६ फेब्रुवारी

बरणीचं झाकण उघडायला माझ्याकडे दिलं. लग्न झाल्यापासून घरातली घट्ट झाकणं मी हिच्याकडे देत आलोय!

११ फेब्रुवारी

आठवड्यातले हे तिसरे डॉक्टर. पहिल्या दोघांनी गोल गोल बोलून कटवलं होतं, यांनी सरळ सांगितलं. नसांचा आजार. नसा स्नायूंना हुकूम द्यायचं सोडत चालल्यात. आता उजवा हात. मग डावा. मग पाय, मग बोलणं, मग गिळणं. मी विचारलं, औषध? म्हणाले, "त्रास कमी ठेवू शकतो." म्हणजे नाही.

हिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मासे धरायला जाऊ ना अजून?"

डॉक्टर गडबडलेच. "जमतंय तोवर जा की. फक्त हलकं काहीतरी वापरा."

हलकं काहीतरी. एवढंच घेऊन घरी आलो.

१२ फेब्रुवारी

न्हाणीघरात नळ सोडून रडलो. बाहेर आलो तर दाराशी ही उभी. "पाणी किती वाया घालवता हो!"

१५ फेब्रुवारी

गळ-दोऱ्याच्या दुकानात गेलो. इतकी वर्षं हिच्यामागे पिशवी धरून उभा राहिलोय तिथे, तोंड कधी उघडलं नव्हतं. मी चष्म्यांच्या काचा घासणारा माणूस. मासा खात नाही, धरत तर नाहीच. ही धरते आणि सोडून देते. मी काठावर पेपर वाचतो, चहा ओततो. असा आमचा रविवार.

दुकानवाल्या बाईंनी विचारलं, "गळ टाकून बसणार की सारखं फेकत राहणार?"

ही आणि बसणार! शाळेत खेळ शिकवायची. गळ टाकून वाट बघणाऱ्यांना म्हणते, ते मासे धरत नाहीत, बँकेत रांगेत उभे आहेत. ही माशाला भुलवायला पत्र्याचा चकाकता चमचा बांधते, फेकते, गुंडाळते, परत फेकते. सकाळभर.

"मग कार्बनचा घ्या," बाई म्हणाल्या. "आखूड. आणि दोऱ्याचं रीळ लावूनच तोलून बघा. नुसता रॉड हलका नि रीळ धोंड्यासारखं, तर मनगट जायचंच."

मूठ संपते तिथे बोटावर आडवा धरला. हलला नाही. पिसासारखा! घेऊन आलो, रस्ताभर शीळ घालत. घराशी आल्यावर लक्षात आलं — आपण शीळ घालतोय. लाज वाटली.

१६ फेब्रुवारी

मागच्या गल्लीत बादली ठेवली, गळाऐवजी खोडरबर बांधलं. हिने तीनदा फेकलं. एकदा बादलीत! वरून शेजारीण ओरडली, "काय लागलं का हो गळाला?" ही म्हणाली, "तुमची बादली!"

मग रॉड माझ्याकडे देत म्हणाली, "शेंड्याला जड वाटतो. बदलून आणाल?"

२१ फेब्रुवारी

दुसरा आणला. दुपार गेली दुकानात. बाईंनी आठ-दहा काढून दाखवले. कोणता शेंड्यापाशीच वाकतो, कोणता पार कमरेतून. कमरेतून वाकणारा स्वतःच फेकतो म्हणे, माणसाला जोर कमी लागतो. मला आता हे सगळं कळायला लागलंय! घरी येऊन हिला समजावून सांगत बसलो. ही ऐकत होती, जणू तिला ठाऊकच नाही.

मग म्हणाली, "मूठ जाड आहे हो."

१ मार्च

डाव्या हातातून कप पडला.

३ मार्च

लेक आली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून माझ्यावर बरसली. "बाबा, आईला वेणी घालता येत नाहीये आणि तुम्ही दुकानं काय पालथी घालताय? तिला रॉड नकोय, तिला उठवायला-बसवायला माणूस हवंय!"

मी म्हणालो, "माणूस मी आहे."

"तुम्ही घरात असता कुठे?"

आतून हिचा आवाज आला, शब्द जरा जड — "त्यांना बोलू नकोस गं. वेणी तू घाल. ये इकडे."

लेकीने वेणी घातली. दोघी कशावरून तरी हसत होत्या. मी ओट्याशीच उभा राहिलो. आत जायचा धीर झाला नाही.

८ मार्च

तिसरा. याची मूठ बुचाची, बारीक. तीही काचा घासायच्या कानशीने घासून मी आणखी बारीक केली, हिच्या पंज्याचं माप घेऊन. माप घेताना हात माझ्या हातात ठेवून दिला होता. नुसता ठेवलेला. त्यात धरणं नव्हतं.

१५ मार्च

तळ्यावर गेलो. लेक आणि मी, दोघांनी दोन बाजूंनी धरून काठापर्यंत नेलं. खुर्चीत बसवलं. तिसरा रॉड हातात दिला, बोटं एकेक करून मुठीभोवती बसवली.

फेकला. चमचा पायाशीच पडला. टप्.

मी म्हणालो, "वारा आहे."

ही म्हणाली, "वारा कसला, पान हलत नाही." मग — "तुम्ही फेका."

"मला येत नाही."

"मी शिकवते ना. खांदा नाही, मनगट! दोरा सोडा... आत्ता!"

सोडला. चमचा गेला तो मागच्या झुडपात. दुसऱ्यांदा माझ्याच कॉलरमध्ये! ही इतकी हसली, इतकी हसली, की ठसका लागला आणि लेक घाबरून पाठ चोळत बसली. ठसका थांबला तरी डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. पुसायला हात उठेना. मी पुसलं. मग दोघांचं पुसलं.

तिसरी फेक पाण्यात पडली. लांब. "वा!" म्हणाली. असं 'वा' ती शाळेतल्या मुलींना म्हणायची.

२ एप्रिल

खाणं भरवतो. घास तोंडात बराच वेळ राहतो. पेपर मोठ्याने वाचून दाखवतो. हिचं बोललेलं लेकीला समजत नाही, मला समजतं. अजून.

९ एप्रिल

पाय गेले.

२० एप्रिल

बाईंचा दुकानातून निरोप. आणखी हलका आलाय, शंभर ग्रॅमच्याही आतला, मनगटाला पट्टा बांधून वापरायचा. म्हटलं, पट्टा! पट्ट्याने जमेल की! जोडे घालतच हिला विचारलं, "चौथा आणू?"

ओठ हलले. मी कान तोंडापाशी नेला.

"पहिलाच छान होता हो." मग श्वास. "दुकानातून आलात की तुमचा चेहरा बघवत होता. म्हणून पाठवत राहिले."

आणि पुन्हा, फार हळू — "आता कुठे पाठवू तुम्हाला?"