बांधावरची घाणेरी

९ ऑगस्ट

गाय उन्हात उभी राहायला तयार नाही. नाकावरचं कातडं सोललंय, डोळे पिवळे झालेत, चाऱ्याकडे ढुंकून बघत नाही. गुरांचा डॉक्टर आला, तिची पापणी ओढून बघितली आणि उलट मलाच विचारलं, हिने घाणेरी कुठे खाल्ली?

कुठे म्हणजे काय! बांधावर. दादाच्या आणि माझ्या जमिनीच्या मधला बांध कुठून जातो हे आता कुणाला सांगता येणार नाही, इतकी माजलीय. वर रंगीबेरंगी फुलं, खाली काटे, आणि वास असा की नाव ठेवणाऱ्याने काही उगीच ठेवलं नाही. बाबांनी आम्हा बहीणभावाला सारखी वाटणी करून दिली, मध्ये एक दगड रोवला आणि सुटले. दगड घाणेरीत गडप झाला. बांधाला जो विळा लावेल तो बांध लाटतोय असं दुसऱ्याने ओरडायचं, म्हणून कुणीच विळा लावायचा नाही — ही आमच्याकडची रीत! आता तिथे ट्रॅक्टर लपेल एवढी जाळी झालीय.

डॉक्टर म्हणाला, गाईला अंधारात बांधा, पाणी पाजा आणि ती जाळी काढा. नाहीतर पुन्हा मला बोलावून उपयोग नाही.

ही एकच गाय आहे. हे गेल्यापासून हिच्याच दुधावर माझी चूल पेटते. काढणार म्हणजे काढणार.

१० ऑगस्ट

दादाकडे गेले. सांगायला, विचारायला नाही. तो पंपाचा पट्टा बसवत होता, मानसुद्धा वर केली नाही.

"एका काडीला हात लावलास तर मोजणीदार आणीन."

मी म्हटलं, आण.

वहिनी दारात उभी होती, पण चहा टाकू का एवढं विचारायचीही तिची छाती झाली नाही. मोठा भाचा मात्र आत्या, आत्या करत बाहेर आला. त्याला त्यांची जमीन विकून मोकळं व्हायचंय. मागे एका माणसाला घेऊन आला होता, तो चकचकीत बूट घालून थेट माझ्या गोठ्यापर्यंत फिरून गेला. आज भाचा विचारतो, आत्या, गोठा नक्की कुणाच्या हद्दीत येतो गं?

गाईला विचार, म्हटलं.

१४ ऑगस्ट

गाईने मूठभर गवत खाल्लं. मीही आज पोटभर जेवले.

२० ऑगस्ट

दादाच्या नाकावर टिच्चून सुरुवात केली! माझ्याकडची बाजू कोयत्याने सपासप तोडली, ढीग केला आणि पेटवून दिला. धूर सगळा दादाच्या घरात. जाऊ दे! तो खिडक्या लावत होता आणि मी राखेत काठी फिरवत होते. खूप दिवसांनी छान वाटलं.

१५ सप्टेंबर

परत आली! एकेका बुंध्याला सात-आठ फुटवे. आणि जाळलेल्या जागेत तर रोपांची नुसती दाटी, कुणी वाफा करून पेरल्यासारखी. दादा पलीकडून बघून हसला. हसला म्हणजे नाकातून हवा सोडली. अंगाचा तिळपापड झाला माझा.

१८ सप्टेंबर

कृषी कार्यालयाने जमीनमालकांसाठी तणांवर सभा ठेवली होती. शाळेच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन सगळे बसलो. दादा शेवटच्या बाकावर, मी पहिल्या.

कार्यालयातल्या बाई वयाने लहान आहेत, आवाज बसलेला, पण बोलतात सरळ. तोडाल तेवढी फुटेल, म्हणाल्या. जाळलीत तर बाकीचं सगळं मरतं आणि हीच पहिली उठते. (मी बाकाकडे बघत राहिले.) बुंध्याभोवती खणायचं, मुळाचा गड्डा जमिनीच्या खालून कापायचा आणि झुडूप उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे पुन्हा माती धरत नाही. हे सगळं फळं काळी व्हायच्या आत. जागा मोकळी झाली की लगेच तिथे गवत लावायचं, एक दिवससुद्धा उघडी ठेवायची नाही. नंतरही रोपं उपटत फिरायचं. आणि शेजाऱ्यानेही काढायला हवी, कारण फळं खाणाऱ्या पाखरांना बांध कळत नाही.

मग त्यांनी विचारलं, ती मोठी जाळी कुणाची? मी गप्प, दादा गप्प. बरं, ती जमीन कुणाची? दोघेही एकदम — "माझी!"

सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण मी दाबलं. घरी येताना कुदळीला नवा दांडा बसवून आणला.

२ ऑक्टोबर

हातांना फोड. कंबर वेगळी काढून खुंटीवर टांगता आली असती तर बरं झालं असतं. पण आख्खा बांध साफ, दादाकडची बाजूसुद्धा! गोठ्याची मागची बाजूही साफ. मुळं वर करून ठेवलेली झुडपं वाळताना बघत चहा प्यायले. चवच निराळी.

५ ऑक्टोबर

आता फक्त एक कोपरा राहिला. जाळी गोठ्याला वळसा घालून पुढे आलीय, माझं घर आणि गोठा यांच्या मधोमध. तिथे कुदळ घातली मात्र, दादा धावत आला. तो कोपरा सोड म्हणतो! आख्खा बांध उकरला तेव्हा लांबून बघत बसला आणि माझ्या दारातल्या झुडपाला हात लावायचा नाही?

संध्याकाळी वहिनी आली, इकडेतिकडे बघत. "वन्सं, तेवढा कोपरा राहू द्या ना." का, म्हटलं. तर ताकास तूर लागू देईना. निघून गेली.

मला न कळायला मी काय दूधखुळी आहे? कोपऱ्यापर्यंत आपलं म्हणायचं, म्हणजे गोठाही आपोआप त्यांचा. म्हणूनच तो बूटवाला आला होता. सख्ख्या बहिणीच्या गोठ्यावर डोळा! जीव तुटतो, आणि तुटतो म्हणूनच जास्त चिडते.

९ ऑक्टोबर

दादाने त्या कोपऱ्यात खुर्ची आणून ठेवलीय. दिवसभर बसतो. मी गाईला पाणी दाखवते, शेण काढते, तो बसलेला. आम्ही बोलत नाही. आज मात्र मोठ्याने विचारलं, कुठाय रे तुझा मोजणीदार? तोंडाला कुलूप.

घाबरला! मोजणी झाली तर स्वतःच खोटा पडेल, हे त्याला पक्कं माहीत आहे.

१७ ऑक्टोबर

बाई येऊन बघून गेल्या. गाईच्या पाठीवरून हात फिरवला. काम चांगलं झालंय म्हणाल्या, पण कोपरा ठेवलात तर सगळं पाण्यात. फळं रंग धरायला लागलीत. दादालाही समजावलं त्यांनी. त्याने मान डोलावली आणि खुर्चीतून हलला नाही.

१९ ऑक्टोबर

पंप बिघडलाय. उद्या दादा तो दुरुस्तीला घेऊन जाणार. खुर्ची रिकामी!

२० ऑक्टोबर

कोपरा खणला. शेवटच्या गड्ड्याखाली कुदळ खणकन वाजली. बाबांचा दगड. गोठ्याच्या अलीकडे, माझ्या घराच्या बाजूला. म्हणजे गोठा दादाच्या जमिनीत. सगळाच्या सगळा.

माती ओढून झाकता आला असता. नाही झाकला. दादा येईपर्यंत तिथेच बसून राहिले.

तो आला, बघितलं, आणि माझ्याशेजारी खाली बसला. "पोरांना दगड दिसला असता तर गोठा पाडून जमीन विकली असती त्यांनी. म्हणून वाढू दिली."

"मला सांगायला काय झालं होतं? दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने गोठा हलवला असता मी."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तेवढ्यात दादाच्या घरातून भाच्याची हाक आली. दादाने खुर्ची उचलली, दगडावर ठेवली आणि त्यात बसला.

मी गवताचे ठोंब आणायला उठले. बाईंनी सांगितलंय, मोकळी झालेली जागा एक दिवससुद्धा उघडी ठेवायची नाही.